सरन्यायाधीशांना आलेलं खुलं पत्र

सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की विषय संपला, असं आपण धरून चालतो. १९७९ साली कायदा शिकवणाऱ्या आणि अभ्यासणाऱ्या चौघांना मात्र तसं वाटलं नाही. त्यांनी थेट सरन्यायाधीशांनाच पत्र लिहिलं. मोर्चे, परिषदा, कायदेबदल हे सगळं त्यानंतरचं!

वकिलाच्या कचेरीची पायरी चढलेल्या प्रत्येकानं ती कपाटं पाहिलेली असतात. काचेआड एका रांगेत लावलेले जाडजूड ग्रंथ, पाठीवर सोनेरी अक्षरं, खाली सालाचा आकडा. पक्षकाराला वाटतं, वकीलसाहेबांनी हे सगळं वाचलेलं असणार. (वकीलसाहेबही तसं वाटू देतात!) या ग्रंथांत असतात वरिष्ठ न्यायालयांचे निकाल. वकिली भाषेत त्यांना म्हणतात लॉ रिपोर्ट. मुंबईत १८९९ साली सुरू झालेला ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’, नागपूरहून निघणारा ‘ऑल इंडिया रिपोर्टर’, लखनौच्या प्रकाशकांचा ‘सुप्रीम कोर्ट केसेस’ ही त्यातली मातब्बर नावं. आपल्या बाजूची नजीर शोधायची, पानाला खूण घालायची आणि न्यायमूर्तींपुढे वाचून दाखवायची, एवढ्यासाठीच बहुतेक वकील ते उघडतात.

यातल्या काही रिपोर्टांत निकालांच्या जोडीला एक छोटा विभाग असतो. त्याचं नाव ‘जर्नल’. इथं निकाल नसतात, निकालांवरचं लिखाण असतं. अमुक निकालात न्यायालयाचं कुठं चुकलं, तमुक कलमाचा अर्थ कसा लावायला हवा होता, असं कोणी वकील, कोणी प्राध्यापक, कोणी निवृत्त न्यायाधीश लिहितो. कायद्याच्या धंद्याबाहेरचं माणूस या पानांकडे फिरकत नाही. घरातल्यांनी घरातल्यांनाच चार शब्द सुनवायची ही जागा आहे, असं म्हणा ना.

‘सुप्रीम कोर्ट केसेस’च्या १९७९ सालच्या चौथ्या खंडात, याच जर्नल विभागात, १७व्या पानावर एक पत्र छापलेलं आहे. पत्रावर तारीख आहे १६ सप्टेंबर १९७९. पत्र लिहिलंय भारताच्या सरन्यायाधीशांना. खाली चार सह्या आहेत: उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार.

देसाईगंजची रात्र

ज्या निकालावरून हे पत्र लिहिलं गेलं, त्याची सुरुवात झाली ती देसाईगंजला. वडसा-देसाईगंज हे आज गडचिरोली जिल्ह्यात येतं. १९७२ साली गडचिरोली जिल्हा झालेलाच नव्हता. गाव चंद्रपूर जिल्ह्यात होतं.

मुलगी आदिवासी. आई-बाप लहानपणीच गेलेले. वय चौदा ते सोळाच्या मधलं. भाऊ मजुरी करायचा, तीही जिथं मिळेल तिथं कामाला जायची. कामाच्या घरी एका तरुणाशी ओळख झाली, दोघांनी लग्न करायचं ठरवलं. भावाला हे पसंत नव्हतं. त्यानं पोलिसांत तक्रार दिली की, माझ्या बहिणीला पळवून नेलंय. २६ मार्च १९७२ च्या रात्री हवालदारानं सगळ्यांना ठाण्यावर बोलावून जबाब घेतले. रात्रीचे साडेदहा झाले. हवालदार जेवायला घरी निघाला, बाकीचेही निघाले. मुलीला मात्र ठाण्यातल्या एका शिपायानं थांबवून घेतलं.

बाहेर भाऊ आणि बाकीची मंडळी वाट बघत राहिली. ठाण्यातले दिवे गेले. दार आतून लागलं. लोक जमले, हाका मारू लागले. काही वेळानं मुलगी बाहेर आली आणि तिनं सांगितलं की, एका शिपायानं आपल्यावर बलात्कार केला, दुसऱ्यानंही अंगाशी झटण्याचा प्रयत्न केला. जमाव खवळला. हवालदाराला घरून बोलावून आणलं गेलं आणि फिर्याद नोंदवली गेली.

कायद्याच्या पुस्तकांत हा खटला त्या मुलीच्या नावानं ओळखला जातो. ते नाव इथं दिलेलं नाही. का, ते पुढं येईलच.

खटला चालला. १ जून १९७४ रोजी सत्र न्यायालयानं दोघाही पोलिसांना सोडून दिलं. मुलीचं म्हणणं न्यायाधीशांना पटलं नाही. संबंध आला असेल, पण तो तिच्या संमतीनं, असा त्यांचा निष्कर्ष. सरकारनं अपील केलं. १२ ऑक्टोबर १९७६ रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं हा निकाल फिरवला. एकाला पाच वर्षांची, दुसऱ्याला एक वर्षाची सक्तमजुरी. उच्च न्यायालयानं म्हटलं ते थोडक्यात असं: हे दोघे पोलीस त्या मुलीच्या ओळखीचेही नव्हते. भावाच्या तक्रारीवरून बोलावलेली मुलगी ठाण्यातल्या परक्या पोलिसांना होकार कशी देईल? निमूट सोसणं म्हणजे संमती नव्हे.

पोलीस सर्वोच्च न्यायालयात गेले. १५ सप्टेंबर १९७८ रोजी न्यायमूर्ती जसवंत सिंग, कैलासम आणि कोशल यांच्या पीठानं दोघांनाही निर्दोष सोडलं. न्यायमूर्ती कोशल यांनी लिहिलेल्या निकालात कारणं दिलेली आहेत. मुलीच्या अंगावर जखमेची खूण नाही, म्हणजे प्रतिकार केल्याची तिची गोष्ट खरी नाही. तिनं आरडाओरडा केला नाही. भाऊबंद बाहेरच उभे असताना ती भ्याली असेल, हेही न्यायालयाला पटलं नाही. शिवाय कायद्यातली भीती म्हणजे मरणाची किंवा इजेची भीती. तशी काही सिद्ध झालेली नाही!

प्रकरण संपलं. मोर्चा नाही, निषेध नाही. निकाल लॉ रिपोर्टांत छापला गेला. ‘ऑल इंडिया रिपोर्टर’च्या १९७९च्या खंडात तो १८५व्या पानावर आहे. ज्या नागपुरात मुलीच्या बाजूनं निकाल लागला, तिथूनच निघणाऱ्या रिपोर्टात तिच्या विरुद्धचा निकालही छापला गेला.

चौघं कोण?

उपेंद्र बक्षी दिल्ली विद्यापीठात कायदा शिकवायचे. पुढं १९९० ते १९९४ या काळात ते त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. रघुनाथ केळकर हे नाव कायद्याच्या विद्यार्थ्यांना वेगळं सांगायला नको. फौजदारी प्रक्रियेवरचं त्यांचं पुस्तक वाचून कित्येक पिढ्या परीक्षा पास झाल्या. लतिका सरकार या केंब्रिजहून कायद्याची डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला. दिल्लीच्या विधी विभागातल्या पहिल्या स्त्री प्राध्यापकही त्याच. स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या ज्या समितीचा अहवाल १९७४ साली आला आणि गाजला, तिच्याही त्या सदस्य होत्या. वसुधा धागमवार पुण्याच्या. भारतीय दंडसंहितेत माणसाच्या हक्कांना कितपत संरक्षण आहे, यावर त्यांचा स्वतंत्र ग्रंथ आहे.

म्हणजे यातलं कोणीही चळवळीतलं पुढारी नव्हतं. मुलीचं वकीलपत्रही कोणी घेतलेलं नव्हतं. निकाल वाचणं आणि विद्यार्थ्यांना समजावून देणं हा त्यांचा रोजचा उद्योग. हा निकाल मात्र त्यांना गिळता येईना.

पत्र ज्यांना गेलं ते सरन्यायाधीशही मराठीच. यशवंत विष्णू चंद्रचूड, पुण्याचे. वरच्या पीठावर ते स्वतः नव्हते. पण न्यायालयाचे प्रमुख म्हणून पत्र त्यांच्या नावे.

गप्प राहणं म्हणजे ‘हो’?

पत्राची भाषा सभ्य आहे, ‘माय लॉर्ड’ची आहे. पण एकेक प्रश्न असा की, उत्तर देणाऱ्याची पंचाईत व्हावी.

चौदा-सोळा वर्षांची मुलगी ठाण्यात दोन पोलिसांच्या तावडीत सापडली असताना तिनं ओरडून मदत मिळवावी, अशी अपेक्षा सर्वोच्च न्यायालय करतं का? रोजंदारी करणाऱ्या या पोरीनं धिप्पाड पोलिसांशी अशी झुंज द्यावी की, अंगावर वळ उमटले पाहिजेत? जखम नाही म्हणून संमती होती, हा कुठला हिशेब? आणि सगळं जर राजीखुशीनं चाललं होतं, तर ठाण्याचे दिवे का गेले? दार आतून का लागलं?

मग पत्रलेखक कायद्याच्या मुद्द्यावर येतात. संमती आणि शरणागती या दोन गोष्टी कायद्याच्या दृष्टीनं वेगळ्या आहेत. संमतीत शरण जाणं असेलही, पण जो शरण गेला त्यानं संमती दिलीच, असं होत नाही. या खटल्यातल्या पुराव्यातून सिद्ध होते ती फक्त शरणागती. नागपूर खंडपीठानं हा फरक ओळखला होता. सर्वोच्च न्यायालयानं तो पुसून टाकला.

मुलीचे लग्न ठरलेल्या तरुणाशी संबंध होते, याचा निकालात आलेला उल्लेखही चौघांना खटकला. लग्नाआधीच्या संबंधांना समाज नाकं मुरडतो, म्हणून पोलिसांना तिच्यावर बलात्कार करायची मुभा मिळते काय, असं त्यांनी रोखठोक विचारलं. १९७९ साली सरन्यायाधीशांना असं विचारणं म्हणजे काय, याची कल्पना तेव्हाच्या वाचकाला लगेच येईल.

त्यांनी आणखी एक बोचरी आठवण करून दिली. एप्रिल १९७८ मध्ये याच न्यायालयानं नंदिनी सत्पथी यांच्या खटल्यात बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यावर बोलावण्याबद्दल पोलिसांना खडसावलं होतं. नंदिनी सत्पथी म्हणजे ओरिसाच्या माजी मुख्यमंत्री. त्यांच्या बाबतीत जे सुचलं, ते पाच महिन्यांनी या अनाथ मजूर मुलीच्या बाबतीत का सुचलं नाही? गंमत अशी की, न्यायमूर्ती जसवंत सिंग दोन्ही पीठांवर होते.

पत्राच्या शेवटाकडे एक विनंती आहे. सरन्यायाधीशांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरिबाचा वेष घ्यावा आणि कोणालाही न सांगता दिल्लीजवळच्या खेड्यांतल्या पोलीस ठाण्यांत जाऊन यावं! राजा रात्री वेष पालटून नगरात फिरायचा, अशा गोष्टी आपण लहानपणी ऐकतो. इथं ती कायदेपंडितांची गंभीर सूचना होती. गरिबाला ठाण्यात शिरताना काय वाटतं, हे निकाल लिहिणाऱ्यांना ठाऊक नाही, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. आणि मागणी एकच: मोठ्या पीठापुढे हा खटला पुन्हा ऐका.

अवमानाची भीती

आज कोणत्याही निकालावर दुसऱ्या दिवशी शेकडो लोक मतं मांडतात. पत्र लिहिलं गेलं तेव्हाचा काळ वेगळा. न्यायालयावर टीका करायची म्हणजे बेअदबीचा बडगा कधी बसेल, याचा नेम नसे. न्यायाधीशांवर वर्गीय हितसंबंधांचा पगडा असतो, असं केरळचे मुख्यमंत्री नंबुद्रीपाद वार्ताहरांपुढे बोलून गेले होते. त्यांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल हजार रुपये दंड झाला. १९७० साली सर्वोच्च न्यायालयानं दंड पन्नास रुपयांवर आणला, पण अपराध कायम ठेवला. मुख्यमंत्र्यांची ही कथा, तिथं मास्तरांची काय!

१९७१च्या अवमान कायद्यात मात्र एक खिडकी ठेवलेली आहे. निकाली निघालेल्या खटल्याच्या गुणदोषांवर केलेली रास्त टीका हा अवमान होत नाही, असं त्याचं पाचवं कलम सांगतं. चौघांचं पत्र या खिडकीतून बरोबर आत जातं. न्यायमूर्तींच्या हेतूवर त्यात शिंतोडा नाही. आहे तो पुरावा, कायदा आणि न्यायालयाच्याच आधीच्या निकालाचा आधार. वकिलानं युक्तिवाद करावा तसं ते लिहिलेलं आहे. फरक एवढाच की, वकील निकालाआधी बोलतो. हे निकालानंतर बोलले.

कायद्यावरच्या लिखाणाची खरी गरज इथंच लागते. वकील निकालावर टीका करायला कचरतो, कारण उद्या त्याच न्यायमूर्तींपुढे उभं राहायचं असतं. न्यायाधीश दुसऱ्या न्यायाधीशाबद्दल जाहीर बोलत नाही. पक्षकाराला निकालाची भाषाच कळत नसे, तीही इंग्रजी. (निवडक निकालांची मराठी भाषांतरं सर्वोच्च न्यायालयाकडून मिळू लागली ती २०१९ पासून.) मग न्यायालयाचं चुकलं तर सांगायचं कोणी? उरतो तो शिकवणारा आणि लिहिणारा.

पत्र रस्त्यावर आलं

पत्र वकिलांच्या वर्तुळात फिरलं आणि तिथून बाहेर पडलं. त्याच्या प्रती निघाल्या, वर्तमानपत्रांत चर्चा सुरू झाली. १९८०च्या सुरुवातीला मुंबईत बायकांनी ‘फोरम अगेन्स्ट रेप’ स्थापन केला. ८ मार्च १९८० या महिला दिनी मुंबई, दिल्ली, नागपूर, पुणे अशा अनेक शहरांत मोर्चे निघाले. मागणी तीच, पत्रातली: खटला पुन्हा चालवा. ज्या विषयाचं नाव घरात उच्चारलं जात नव्हतं, त्याच्या घोषणा भर रस्त्यावर झाल्या. गृहिणी, कॉलेजातल्या मुली, कामगार बायका त्यात होत्या.

सर्वोच्च न्यायालयानं फेरविचाराची मागणी मान्य केली नाही. पण विधी आयोगाला हा विषय हाती घ्यावा लागला. न्यायमूर्ती पी. व्ही. दीक्षित यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगानं एप्रिल १९८० मध्ये आपला ८४वा अहवाल दिला. त्याच वर्षी लोकसभेत विधेयक आलं, ते संयुक्त समितीकडे गेलं, रेंगाळलं आणि १९८३ अखेर कायदा झाला.

बदल काय झाले? पोलिसानं ठाण्यात किंवा ताब्यातल्या स्त्रीवर केलेला बलात्कार हा वेगळा आणि जास्त गंभीर गुन्हा ठरला. किमान शिक्षा दहा वर्षं. पुराव्याच्या कायद्यात ११४-अ हे नवं कलम आलं. अशा खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि ‘माझी संमती नव्हती’ असं स्त्रीनं न्यायालयात सांगितलं, तर न्यायालयानं ते गृहीत धरून चालायचं. संमती होती हे दाखवायची जबाबदारी आरोपीची. देसाईगंजच्या खटल्याच्या वेळी हे कलम असतं तर? वकील मंडळी अजून हा हिशेब करतात. खटला बंद दारांआड चालवण्याची तरतूदही तेव्हाचीच. आणि अत्याचार झालेल्या स्त्रीची ओळख छापणं हा गुन्हा ठरला, तोही त्याच दुरुस्तीनं. म्हणून या लेखात त्या मुलीचं नाव नाही.

सगळं एका फटक्यात झालं नाही. स्त्रीच्या चारित्र्यावर चिखल उडवायला वाव देणारं पुराव्याच्या कायद्यातलं पोटकलम २००२ सालच्या दुरुस्तीनं गेलं. प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून संमती मानायची नाही, हे कायद्याच्या कलमात स्वच्छ शब्दांत यायला २०१३ साल उजाडलं. तेसुद्धा दिल्लीतल्या त्या भयंकर घटनेनंतर, न्यायमूर्ती वर्मा समितीच्या अहवालानंतर. चौघांनी पत्रात हेच मांडलं, त्याला तेव्हा चौतीस वर्षं होत आली होती. १ जुलै २०२४ पासून जुनी दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. कलमांचे क्रमांक बदलले, हा नियम राहिला.

एक योगायोग मात्र सांगण्यासारखा आहे. बलात्काराच्या तक्रारीनंतर स्त्रीची जी अपमानकारक ‘दोन बोटांची’ तपासणी होत असे, तिचा निष्कर्ष देसाईगंजच्या मुलीविरुद्धही वापरला गेला होता. ही तपासणी करणाऱ्याला गैरवर्तनाबद्दल जबाबदार धरलं जाईल, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी दिला. त्या पीठावर होते न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड. ज्या सरन्यायाधीशांना चौघांचं पत्र गेलं होतं, त्यांचे चिरंजीव.

पुढं काय झालं?

वसुधा धागमवार यांनी १९८५ मध्ये दिल्लीत ‘मार्ग’ ही संस्था काढली. गरिबांना त्यांचे हक्क त्यांच्याच भाषेत समजावून सांगणं, हे तिचं काम. विद्वानांच्या नियतकालिकात लिहिणाऱ्या बाईंनी पुढं साध्या पुस्तिकांवर मेहनत घेतली. १९८० साली दिल्लीत स्त्रियांच्या अभ्यासाचं जे केंद्र उभं राहिलं, त्याच्या संस्थापकांत लतिका सरकार होत्या. त्या फेब्रुवारी २०१३ मध्ये गेल्या; वर्मा समितीचा अहवाल येऊन तेव्हा महिनाच झाला होता. पुढच्या वर्षी, फेब्रुवारीतच, वसुधाताईही गेल्या.

कायद्याच्या महाविद्यालयांत आता निकाल आणि पत्र दोन्ही शेजारी ठेवून शिकवतात. निकालापेक्षा पत्रच मुलांच्या जास्त लक्षात राहतं.

१५ सप्टेंबर १९७८ चा निकाल मात्र कोणी रद्द केला नाही. १९८३ चा कायदा आला तो पुढच्या गुन्ह्यांसाठी. मागच्या खटल्याला तो लागू होणार नव्हता. दोघा पोलिसांची सुटका कायम राहिली. वकिलांच्या कपाटात १९७९च्या खंडात, १८५व्या पानावर, देसाईगंजची ती मुलगी आजही खोटी ठरलेली आहे.